पाचव्या दिवशीचं बंद दार

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू नागपूरची, वय 20, सहा महिन्यांच्या जर्मन भाषेच्या कोर्ससाठी जर्मनीला गेलीस आणि तिथल्या एका कुटुंबात राहतेस. आज पाचवा दिवस. घरचे वागायला चांगले आहेत, पण स्वतःहून कुणी बोलत नाही, जेवायचा आग्रह करत नाही आणि नऊ वाजले की सगळं घर चिडीचूप होतं. तू लिहिलंयस, "मी रोज खोलीतच बसून राहिली. त्यांना मी नकोशी झाली का? दुसरी फॅमिली मागून घेऊ का?"

वयाने मोठी आहे म्हणून तुला 'तू'च म्हणते. मी नागपुरात 21 वर्षं जर्मन शिकवते आहे. दरवर्षी माझ्या वर्गातली काही मुलं तिकडे जातात आणि पहिल्या आठवड्यात त्यांचे फोन येतात. मी स्वतः 23 व्या वर्षी जर्मनीतल्या कासेल शहराजवळच्या एका घरात राहिले होते, आणि इथे आमच्या प्रतापनगरच्या घरीही परदेशी मुलं बरीच वर्षं राहून गेली. म्हणजे या प्रकाराच्या दोन्ही बाजू मी घरातून पाहिल्या आहेत.

आधी सरळ उत्तर देते. दुसरी फॅमिली आत्ता मागू नकोस. तू जे लिहिलंयस त्यात त्यांना तू नकोशी झाल्याची एकही खूण मला दिसली नाही. तुझ्या शेवटच्या ओळीत मात्र एक गोष्ट आहे, जी तू सहज लिहून गेलीस: "त्यांना त्रास नको म्हणून मी दार लावूनच बसते." माझ्या मते सगळी गोम त्या दारात आहे.

आपल्याकडे घरातलं दार दिवसा उघडं असतं. कुणी लावून घेतलं, तर आई पाच मिनिटांत येऊन विचारते, "काय झालं? बरं नाही का?" जर्मन घरात खोल्यांची दारं एरवीही लावलेली असतात. त्यात राग नसतो, रुसवा नसतो. पण बाहेरून आलेली मुलगी दार लावून बसली, तर घरचे त्याचा अर्थ असा घेतात की तिला थोडं एकटं राहायचं आहे, प्रवासाने दमली असेल, आपण मधे पडू नये. टकटक करणंसुद्धा त्यांना आगाऊपणाचं वाटतं. तू आत वाट बघतेस की कुणी हाक मारेल. ते बाहेर वाट बघतात की तू मोकळी झालीस की येशील. दोन्हीकडचे लोक आपापल्या परीने सभ्यच वागताहेत, आणि त्या सभ्यतेत पाच दिवस गेले.

याची उलटी बाजू मी माझ्या घरात पाहिली आहे. आमच्याकडे एक जर्मन मुलगी आली होती, तुझ्याच वयाची. तिला वेगळी खोली दिली होती, पण आमच्या घरात दारावर टकटक करायची पद्धत नाही. सासूबाई चहा घेऊन आत, शेजारची मुलं तिचे केस बघायला आत, मी कपडे ठेवायला आत. आम्हाला वाटायचं, पोरीला परकं वाटू नये. चौथ्या दिवशी ती बाथरूममध्ये बसून रडताना सापडली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, या घरात आतून कडी लागते अशी ही एकच जागा आहे. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं. आम्ही माया करत होतो आणि तिला वाटत होतं की आपल्यावर पाळत आहे. त्या दिवसापासून मी विद्यार्थ्यांना व्याकरणाच्या आधी दारं शिकवते.

आता हे सगळं परिस्थितीवरही अवलंबून आहे, तेही सांगते. तू कोणत्या प्रकारच्या घरात आहेस, हे तू लिहिलेलं नाहीस. भाषाशाळेने पैसे देऊन ठरवलेलं घर असेल, तर तिथे खोली आणि ठरलेलं जेवण हा व्यवहार असतो. काही घरं त्यापलीकडे जीव लावतात, काही लावत नाहीत, आणि न लावणारी घरंही वाईट नसतात. एएफएससारख्या संस्थेच्या किंवा रोटरीच्या विद्यार्थी आदानप्रदानात बहुतेक कुटुंबं पैसे न घेता मुलांना ठेवतात, तिथे मुलांनी घरातलं होऊन राहावं ही अपेक्षा जास्त असते. ऑ पेअर म्हणून गेलेल्यांचं आणखी वेगळं, त्यांना मुलं सांभाळण्याचं ठरलेलं काम असतं. तुझा कोर्स भाषेचा आहे, त्यामुळे बहुधा पहिला प्रकार. तुझ्या कागदावर नाश्ता लिहिलाय की नाश्ता आणि रात्रीचं जेवण, हे आजच नीट बघ. माझ्या एका विद्यार्थ्याच्या कराराप्रमाणे फक्त नाश्ता होता. तो तीन दिवस रात्री टेबलाशी जाऊन उभा राहिला, आणि त्या बाईंना कळेना की हा का उभा आहे.

जेवणाचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्या आठवड्यात आपली मुलं सर्वांत जास्त इथेच अडकतात. आपण आग्रहावर वाढलेलो. पहिल्यांदा "नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा "नको हो" म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं. तिकडे एकदाच विचारतात. तू नको म्हणालीस की तुझ्या शब्दाचा मान राखून भांडं पुढे जातं. त्यातही एक बारीक खोच आहे. काही वाढताना विचारलं आणि तू नुसतं "डांके" म्हणालीस, तर त्याचा अर्थ "नको, धन्यवाद" असा होतो. आपण बिचारे "थँक्यू, वाढा" या अर्थाने म्हणतो. मी कासेलला दोन रात्री उकडलेल्या बटाट्यांच्या बाऊलला हसून "डांके" म्हणाले आणि दोन रात्री खोलीत जाऊन आईने दिलेला चिवडा खाल्ला. तिसऱ्या दिवशी घरच्या बाईंनी काळजीने विचारलं, बटाटे आवडत नाहीत का? हवं असेल तर "या, बिटे" म्हण किंवा "या, गेर्न". नको असेल तेव्हाच "नाइन, डांके". हे आजपासून कर, एका दिवसात फरक दिसेल.

दुसरं, संध्याकाळचं जेवण. बऱ्याच घरांत सहा-सातच्या सुमारास आबेंडब्रोट असतं. लाकडी पाटीवर ब्रेडचे काप, लोणी, चीज, व्हिनेगरमधल्या काकड्या, कधी टोमॅटो. गरम काही नाही. आपल्याला वाटतं ही सुरुवात आहे, जेवण नंतर येईल. नंतर काही येत नाही, तेच जेवण. गरम जेवण त्या घरांत दुपारी होतं. पोटभर ब्रेड खा, दुसरा काप स्वतः हाताने घे, कुणी वाढेल याची वाट बघू नकोस.

शाकाहारी असशील तर नुसतं "मी शाकाहारी" सांगून भागत नाही. मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, असं एकेक नाव घेऊन सांग. सूपचं पाणी मांसाचं असू शकतं, हिरव्या सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, रंगीत जेलीच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं. सांगितलंस तर कुणी वाईट वाटून घेत नाही. न सांगता ताटात उरवलंस, तर मात्र त्यांना कोडं पडतं.

आता तुझ्या रडण्याबद्दल. तू लिहिलंयस की पहाटे तीनला जाग येते आणि मग आईची आठवण येऊन रडू येतं. जरा घड्याळ बघ. सध्या तिकडे उन्हाळी वेळ आहे, आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचं अंतर. तुझे पहाटेचे तीन म्हणजे नागपुरातले साडेसहा. म्हणजे तुझं शरीर रोजच्या वेळेवर उठलं आहे, एवढंच. आणि संध्याकाळी सातला, जेव्हा ते सगळे टेबलाशी गप्पा मारतात, तेव्हा तुझ्या शरीराचे साडेदहा वाजलेले असतात. तू पेंगतेस, चेहरा उतरलेला दिसतो, त्यांना वाटतं हिला आपली संगत नको. शरीर ढोबळमानाने दिवसाला तासभर सरकतं, म्हणजे हे आता लवकरच निवळेल. दुपारी झोपू नकोस, उजेडात चाल.

त्यातच दिवसभर परक्या भाषेत ऐकायचं म्हणजे डोकं खरंच शिणतं. वर्गातलं माझं जर्मन स्पष्ट आणि संथ असतं. घरातलं जर्मन भरभर येतं, त्यात बोलीचा हेल असतो, वर तोंडात ब्रेड. बी 1 ही मधली पातळी पास झालेल्या मुलीही मला म्हणतात, "मॅडम, एक शब्द कळून नाही राहिला." दहा-बारा दिवसांनी कान उघडतात. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1954 मध्ये परदेशी गेलेल्या माणसांच्या या अवस्थेवर एक भाषण दिलं होतं. त्याने सांगितलेल्या खुणांमध्ये वारंवार हात धुणं आणि पाण्याची, अन्नाची, अंथरुणाची नको तितकी काळजी करणं हेही आहे. तू नळाच्या पाण्याबद्दल आणि उशीच्या वासाबद्दल जे दोन परिच्छेद लिहिलेस, ते वाचताना मला हेच आठवलं. नळाचं पाणी तिथे बिनधास्त पितात, तूही पी. उशीची खोळ बदलून माग, त्यात काही अवघड नाही. ओबर्गच्या मते पहिले काही आठवडे मधुचंद्रासारखे जातात आणि त्रास नंतर सुरू होतो. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. हॉटेलात किंवा हॉस्टेलवर उतरणाऱ्यांचं तसं होत असेल, पण कुटुंबात राहणाऱ्या मुलांचा पहिला कोसळण्याचा दिवस तिसरा ते पाचवा असतो, कारण त्यांना दमलेला चेहरा लपवायला जागा नसते.

घरच्या फोनबद्दल आईला राग येईल असं सांगते. नागपुरात रात्री नऊला सगळे मोकळे होतात आणि तुला व्हिडिओ कॉल लावतात. तेव्हा तुझ्याकडे संध्याकाळचे साडेपाच. तास-दीड तास बोलणं चालतं, आणि नेमक्या त्याच वेळी तुझं तिथलं घर स्वयंपाकघरात जमतं. रोज त्या वेळी तुझ्या बंद दाराआडून मराठी ऐकू येत असेल, तर तुला बोलावणार कोण? वर्गातून चारला सुटत असशील, तर चालत घरी येतानाच फोन कर, नागपुरात साडेसात झालेले असतात. वीस मिनिटं पुरतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातील आणि अंतर साडेचार तासांचं होईल, ते आईला आत्ताच सांगून ठेव.

मग आज काय करायचं? दार अर्धं उघडं ठेव. सहाला खाली जा आणि विचार, "कान इश हेल्फन?" म्हणजे मी मदत करू का. नको म्हणाले तरी परत वर जाऊ नकोस, टेबलावर ताटल्या मांड. हातात काम असलं की वाक्यं कमी लागतात आणि शब्द आपोआप मिळतात: चमचा, सुरी, झाकण, फडकं. माझ्या वर्गातल्या मुलींच्या तोंडी खरं जर्मन आलं ते भांडी पुसताना. घरच्या बाईंना 'झी' (तुम्ही) म्हणायचं की 'डू' (तू), हेही विचारून घे. 'डू' म्हण, असं मोठ्यांनी सांगायचं असतं, आपण होऊन सुरू करायचं नसतं, पण विचारायला हरकत नाही. ते विचारणं त्यांना फार आवडतं.

आणि जेवण झालं की एक वाक्य पाठ करून बोल: "मला या घराच्या सवयी माहीत नाहीत, मी चुकले तर कृपया लगेच सांगा." हे सांगितलं नाही तर ते पाहुणी म्हणून सोडून देतात आणि मनात साठत जातं.

साठण्याची पहिली जागा बाथरूम. आपल्याकडे पूर्ण बाथरूम ओली झाली तरी चालते, पाणी मोरीत जातं. तिथे पाणी वाहून जायला जाळी बहुधा शॉवरच्या चौकटीतच असते, बाहेरच्या फरशीला नसते. पडदा आत घे, काचेचं दार असेल तर अंघोळीनंतर तिथे टांगलेल्या रबरी पट्टीने काचेवरचं पाणी खाली ओढ, फरशी कोरडी कर आणि खिडकी पूर्ण उघड. खिडकीचं मी वर्गात नेहमी समजावून सांगते, कारण आपण नागपूरची माणसं 45 अंशांत दिवसभर खिडक्या बंद ठेवणारी. तिकडच्या खिडक्या इतक्या घट्ट बसतात की आतली वाफ आतच राहते आणि भिंतीला बुरशी धरते. म्हणून दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडून हवा बदलतात, अगदी थंडीतही. याला श्टोसल्युफ्टन म्हणतात. तुझ्या खोलीतही कर, आणि ओले कपडे खोलीत वाळत घालण्याआधी विचार. कचऱ्याचे डबे वेगवेगळे असतात, कोणता कशाचा हे एकदा दाखवून माग. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन फेकू नकोस, त्यातल्या बहुतेकांवर 25 सेंट परत मिळतात. रात्री दहानंतर आवाज नको. बाकी घरागणिक वेगळं.

कागदपत्रांचं एक काम पहिल्या आठवड्यातच उरक. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तिथल्या नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला, तू इथे राहतेस असं सांगणारा कागद लागतो. तो मागायला संकोचू नकोस, त्यांना हे माहीत असतं. अपॉइंटमेंट लगेच मिळत नाही, म्हणून आजच बघ. आणि टपालपेटीवर तुझं आडनाव चिकटवायला सांग. तिथे पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर बँकेचं कार्ड परत जातं आणि तू महिनाभर वाट बघत बसतेस.

एक वेगळी गोष्ट. मी दुसरी फॅमिली मागू नकोस म्हणाले, ते तू लिहिलेल्या गोष्टींवरून. पण घरातलं कुणी अंगचटीला येत असेल, खोलीत न विचारता शिरत असेल, पासपोर्ट काढून घेतला असेल, ठरलेलं जेवण देत नसतील किंवा तुला तिथे भीती वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नकोस. पासपोर्ट तुझ्याच ताब्यात राहायला हवा. तुझ्या कोर्सच्या समन्वयकाला त्याच दिवशी लेखी कळव. तातडीला 112, पोलिसांना 110. आपला दूतावास बर्लिनला आहे, वाणिज्य दूतावास फ्रँकफर्ट, म्युनिक आणि हँबर्गला. अशा वेळी "लोक काय म्हणतील", "पैसे भरलेत" हे मनात आणू नकोस. असं घर सोडून आलेली एक विद्यार्थिनी माझीही आहे, आणि तिने उशीर केला याचंच मला दुःख आहे.

भेटवस्तूचं विचारलंयस. तू नेलेला तान्ह्या पोळ्याचा छोटा लाकडी नंदी अजून बॅगेतच आहे म्हणतेस. फार चांगली वस्तू नेलीस, आता काढ ती. नुसती हातात देऊ नकोस, टेबलावर ठेव आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांग की आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं असा बैल सजवून घरोघर नेतात. फोनमध्ये मुलांचे फोटो असतील, ते दाखव. घरचे काका अबोल आहेत म्हणतेस ना, त्यांना सांग की नागपूरच्या मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज आहे. मी पाहिलंय, अबोल माणसंही अशा माहितीवर खुर्ची पुढे ओढतात.

आईला मात्र पार्सलमध्ये खव्याची संत्रा बर्फी आणि तूप पाठवू देऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला किंवा पोस्टाने मागवायला बंदी आहे, कस्टम्समध्ये काढून टाकतात. संत्रीही पाठवता येत नाहीत, त्याला वेगळा दाखला लागतो. सावजी मसाला आणि चिवडा पाठवू दे. तर्री पोहे त्यांना करून घाल, पण पहिल्या आठवड्यात नको, आणि फोडणी देताना खिडकी उघड.

परवा रविवार आहे. दुकानं बंद असतील, रस्ते ओस दिसतील. माझ्या मुलांचा सर्वांत जड जाणारा दिवस तोच. बरीच घरं दुपारी फिरायला जातात आणि तीन-चारला कॉफी आणि केक घेतात. तुला बोलावतील किंवा नाही बोलावणार. ते बूट घालायला लागले की खाली जा आणि विचार, "डार्फ इश मिटकोमन?" मी सोबत येऊ का. जॅकेट हातात घेऊनच विचार. आणि सोमवारी वर्गातून सुटलीस की मला लिही, बटाटे मिळाले की नाही तेही.